इटालियन कला व चित्रपट यांतील शृंगार

इटालियन चित्र-शिल्पकला, साहित्य आणि चित्रपट यांत कामभावनेचे जे चित्रण आढळते, त्याची परंपरा प्राचीन रोमन काळापर्यंत मागे जाते. नग्न मानवी देह हा इटालियन कलेचा एक प्रमुख विषय राहिला; आणि रोमन कॅथलिक धर्मपीठाचे केंद्र याच भूमीत असल्याने त्या देहावर आवरण घालण्याचे प्रयत्नही येथे सातत्याने झाले. तथापि एका बाजूस कलावंत व दुसऱ्या बाजूस धर्मसत्ता अशी सरळ विभागणी या इतिहासाला लागू पडत नाही. ज्या धर्माधिकाऱ्यांनी व सरदारांनी अशा कलाकृती करवून घेतल्या, त्यांच्याच वर्तुळातून त्या झाकण्याचे आदेशही निघाले. देह कोणाला पाहू द्यावा व कोणाला पाहू देऊ नये, हा येथील मूळ वाद होय. इटलीतील श्रेष्ठ शृंगारिक कलाकृतींनी या वादालाच, म्हणजे पाहणाऱ्याच्या दृष्टीलाच, आपला विषय केले. त्यांचे सामर्थ्य जसे येथे आहे, तशीच त्यांची मर्यादाही येथेच आहे. कारण जिच्याकडे पाहिले जाते, त्या व्यक्तीच्या संमतीचा विचार या परंपरेत फार उशिरा झाला.

प्राचीन वारसा : इ. स. ७९ मध्ये व्हीस्यूव्हिअसच्या उद्रेकात गाडली गेलेली पाँपेई व हर्क्युलेनियम ही नगरे अठराव्या शतकातील उत्खननांत उजेडात आली. तेथील घरांच्या भिंती, दिवे, घंटा व बागांतील शिल्पे यांवर कामविषयक प्रतिमा मोठ्या संख्येने आढळल्या. रोमन जीवनात त्यांचे प्रयोजन एकच नव्हते. काही प्रतिमा समृद्धीच्या व दृष्ट लागू नये म्हणून लावलेल्या होत्या, काही देवताकथांशी निगडित होत्या, तर काही केवळ करमणुकीसाठी होत्या. १८१९ मध्ये युवराज फ्रान्सिस याने नेपल्सच्या संग्रहालयास भेट दिली, तेव्हा या वस्तू एका स्वतंत्र दालनात कुलूपबंद ठेवण्याचा आदेश त्याने दिला आणि प्रौढ वयाच्या व चांगल्या चालीच्या मोजक्या व्यक्तींनाच तेथे प्रवेश ठेवण्यात आला. ‘गुप्त दालन’ म्हणून ओळखला जाणारा हा विभाग राजवटींनुसार उघडत व मिटत राहिला. सर्वसामान्यांसाठी तो २००० मध्ये खुला झाला. दैनंदिन जीवनात विखुरलेल्या वस्तू एका खोलीत एकत्र आल्या, तेव्हा त्यांचे मूळचे भिन्न अर्थ पुसले जाऊन ‘अश्लील’ हा एकच अर्थ त्यांना चिकटला. आवरणामुळे वस्तूचा अर्थच कसा बदलतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

प्रबोधनकाल : जोव्हान्नी बोकाचो (१३१३–७५) याच्या डेकामेरॉन (सु. १३४९–५३) या कथासंग्रहात १३४८ च्या प्लेगपासून दूर गेलेले सात युवती व तीन युवक दहा दिवसांत शंभर कथा सांगतात. मृत्यूच्या पार्श्वभूमीवर देहसुखाचा खट्याळ गौरव करणाऱ्या या कथांत भोंदू भिक्षूंची व कामासक्त जोगिणींची यथेच्छ थट्टा आहे. १५५९ च्या पोपप्रणीत निषिद्ध ग्रंथसूचीत या ग्रंथाचा समावेश झाला. मात्र १५७३ मध्ये त्याची जी संशोधित आवृत्ती धर्मपीठाच्या संमतीने निघाली, तिच्यात शृंगार बराचसा तसाच राहिला; भिक्षू व जोगिणी यांच्या जागी सामान्य संसारी माणसे आली. धर्मसत्तेला डाचत होती ती कामभावनेपेक्षा स्वतःची विटंबना, हे यावरून स्पष्ट होते.

चित्रकलेत नग्नतेला ग्रीक-रोमन पुराणकथांचा आधार मिळाला. बोत्तिचेल्ली (सु. १४४५–१५१०) याची सागरातून प्रकट झालेली व्हीनस (सु. १४८५) हात व केस यांनी लज्जारक्षण करते, तिचा देह डौलदार असूनही तो विचाराच्या पातळीवरचा, जवळजवळ अपार्थिव वाटतो. जोर्जोने (सु. १४७७–१५१०) याची निद्रिस्त व्हीनस (सु. १५१०) निसर्गाच्या कुशीत डोळे मिटून पहुडली आहे, आपल्याला कोणी पाहत आहे याची तिला जाणीव नाही. तिशन (सु. १४८८–१५७६) याने उर्बीनोची व्हीनस (१५३८) या चित्रात जवळजवळ तीच देहाकृती घेतली; पण तिला घरातील शय्येवर आणले, मागे पेटीतून वस्त्रे काढणाऱ्या दासी दाखविल्या आणि तिचे डोळे उघडे ठेवले. ती थेट प्रेक्षकाकडे पाहते. येथे पुराणकथेचा आडोसा केवळ नावापुरता उरतो आणि पाहणारा स्वतःच पाहिला जातो. पुढील शृंगारिक चित्रांचा एक मोठा प्रवाह या दृष्टिभेटीतून निघाला.

अशी चित्रे सरदारांच्या खासगी दालनांत असत, तोवर त्यांना सहसा आक्षेप घेतला जात नसे. जूल्यो रोमानो (सु. १४९९–१५४६) याने काढलेल्या संभोगविषयक रेखनांवरून मार्कान्तोन्यो राईमोंदी याने १५२४ मध्ये उत्कीर्णने करून त्यांचे मुद्रित संच प्रसृत केले, तेव्हा मात्र पोप सातवा क्लेमेंट याने राईमोंदीस कारागृहात टाकले. मूळ रेखने काढणाऱ्यास शिक्षा झाली नाही. प्रती छापणाऱ्यास झाली. प्येत्रो आरेतीनो (१४९२–१५५६) याने राईमोंदीची सुटका होण्यासाठी खटपट केली व पुढे या चित्रांवर सुनीते रचली. यंत्राने एका चित्राच्या अनेक प्रती निघू लागल्या, की सत्ता अस्वस्थ होते, हा धडा चार शतकांनी चित्रपटाच्या बाबतीत पुन्हा गिरविला गेला.

धर्मसुधारणेनंतरचा काळ : मायकेलअँजेलो (१४७५–१५६४) याने सिस्टाइन चॅपेलमधील अंतिम न्याय (१५३६–४१) या भित्तिलेपचित्रात संतांसह सर्व मानवाकृती बव्हंशी नग्न रंगविल्या. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये धार्मिक प्रतिमांतील कामुकता वर्ज्य ठरविली आणि त्यानंतर दान्येले दा व्होल्तेर्रा या चित्रकाराकडे काही आकृतींवर वस्त्रे रंगविण्याचे काम सोपविण्यात आले. या कामामुळे त्याला ‘चड्ड्या शिवणारा’ अशा अर्थाचे टोपणनाव कायमचे चिकटले. १९९४ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात नंतरच्या काळातील काही आवरणे काढण्यात आली; दान्येलेची वस्त्रे मात्र इतिहासाचा पुरावा म्हणून राखली गेली.

या निर्बंधांमुळे शृंगार लोपला नाही. त्याने रूप पालटले. बेर्नीनी (१५९८–१६८०) याच्या संत तेरेसाची समाधी (१६४७–५२) या रोममधील शिल्पात देवदूताच्या बाणाने विद्ध झालेल्या संत तेरेसाचा चेहरा, हात व शिथिल झालेले पाऊल एवढेच उघडे आहे. उर्वरित देह वस्त्राच्या उसळत्या घड्यांत हरवला आहे. तरीही भक्तीची आर्तता व देहाची आर्तता यांतील सीमारेषा येथे जवळजवळ पुसली जाते. चॅपेलच्या दोन्ही भिंतींवर नाट्यगृहातील सज्जांत बसावेत तसे कोर्नारो घराण्यातील पुरुष कोरलेले आहेत. एका स्त्रीचा अत्यंत खासगी अनुभव प्रेक्षकांसमोर मांडला जात आहे, हे शिल्पकाराने लपविलेले नाही.

पाहिल्या जाणाऱ्या स्त्रीची बाजू या काळात प्रभावीपणे मांडली, ती आर्तेमीझ्या जेंतिलेस्की (१५९३–सु. १६५३) या चित्रकर्त्रीने. स्नान करणाऱ्या सुझानाकडे चोरून पाहणारे दोन वृद्ध ही बायबलमधील कथा अनेक चित्रकारांनी रंगविली होती. तिंतोरेत्तोच्या चित्रात (सु. १५५५) सुझाना आरशात स्वतःला न्याहाळण्यात मग्न आहे आणि प्रेक्षकही नकळत त्या वृद्धांच्या रांगेत जाऊन बसतो. आर्तेमीझ्याच्या चित्रात (१६१०) सुझाना दगडी बाकावर आक्रसून, मान वळवून दोन्ही हातांनी त्यांना परतवीत आहे. तिच्या देहाच्या सौंदर्यापेक्षा तिची शिसारी प्रथम जाणवते. पुढच्याच वर्षी आगोस्तीनो तास्सी या चित्रकाराने आर्तेमीझ्यावर बलात्कार केला आणि १६१२ मध्ये रोममध्ये चाललेल्या खटल्यात साक्ष देताना तिलाच बोटे आवळण्याच्या यातना सोसाव्या लागल्या. अर्थात चित्र या घटनेपूर्वीचे असल्याने त्यास केवळ आत्मचरित्र मानणे योग्य ठरणार नाही. विषयाकडे पाहण्याची तिची दृष्टीच मुळात वेगळी होती.

चित्रपटातील आरंभ : इटलीत शासकीय चित्रपट-अभ्यवेक्षणाचा (सेन्सॉरचा) कायदा १९१३ मध्ये झाला. मूकपटांच्या काळात लीदा बोरेल्ली, फ्रांचेस्का बेर्तीनी इ. नायिकांच्या लयबद्ध, काहीशा अतिरंजित देहबोलीवर गाब्र्येले दान्नून्त्स्यो (१८६३–१९३८) याच्या कादंबऱ्यांतील भोगवादाची छाया होती. फॅसिस्ट राजवटीत मातृत्व व कुटुंब यांचा अधिकृत गौरव चालू असताना लूकीनो व्हिस्काँती (१९०६–७६) याने ओस्सेस्स्योने (१९४३, म. शी. ‘ध्यास’) या चित्रपटात पो नदीच्या खोऱ्यातील एका खाणावळीत घडणारी व्यभिचार व खून यांची कथा मांडली. नायकाचा चेहरा प्रेक्षकाला प्रथम नीट दिसतो, तो नायिकेची दृष्टी त्याच्यावर खिळते तेव्हा. पाहण्याचा अधिकार येथे स्त्रीकडे आला आणि पुरुषदेह वासनेचा विषय बनला. घाम, धूळ व उष्टी भांडी यांच्या सान्निध्यात वावरणारी ही वासना नववास्तववादाची एक नांदी ठरली.

ज्युझेप्पे दे सांतीस (१९१७–९७) याच्या रीझो आमारो (१९४९, म. शी. ‘कडू भात’) या चित्रपटात व्हेर्चेल्ली परिसरातील भातखाचरांत हंगामी मजुरी करणाऱ्या स्त्रियांचे जीवन आहे. सचित्र प्रेमकथांच्या मासिकांनी व अमेरिकन नृत्यसंगीताने भारावलेल्या मजूर तरुणीचा ऱ्हास दाखवून व्यापारी स्वप्नांवर टीका करण्याचा दिग्दर्शकाचा हेतू होता. परंतु गुडघाभर पाण्यात उभी असलेली सिल्व्हाना मांगानो हीच चित्रपटाची जाहिरात ठरली व डाव्या समीक्षकांनीही त्यावर आक्षेप घेतला. ज्या मोहावर टीका करायची, त्याच मोहाच्या आधारे प्रेक्षक जमवायचा, ही विसंगती पुढील इटालियन चित्रपटांत वारंवार दिसते.

परिपक्व कालखंड : १९६० हे वर्ष या दृष्टीने निर्णायक ठरले. फेदेरीको फेल्लीनी (१९२०–९३) याच्या ला दोल्चे व्हीता (म. शी. ‘गोड जीवन’) या चित्रपटास त्या वर्षी कान महोत्सवातील सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने त्यावर कठोर टीका केली. त्रेव्ही कारंज्यात उतरलेली आनिता एकबर्ग ही त्यातील प्रतिमा जगप्रसिद्ध झाली. पण त्या प्रसंगाचा शेवट कारंजे बंद पडण्यात होतो आणि नायक पाण्यात अवघडून उभा राहतो. १९६२ मध्ये बोकाच्चो ’७० या चार कथांच्या चित्रपटातील आपल्या कथेत फेल्लीनीने टीकाकारांना उत्तर दिले. नीतिरक्षक डॉ. आंतोन्यो आपल्या घरासमोरील दुधाच्या जाहिरातफलकावरील प्रचंड स्त्रीप्रतिमेविरुद्ध मोहीम उघडतो. ती प्रतिमा जिवंत होऊन त्याला खेळणे बनविते आणि अखेरीस तो त्याच फलकाच्या माथ्याला बिलगलेला सापडतो. बंदी घालणाराच प्रतिमेचा सर्वांत निष्ठावंत प्रेक्षक असतो, हे निरीक्षण इतक्या मिस्कीलपणे क्वचितच मांडले गेले असेल.

मीकेलांजेलो आंतोन्योनी (१९१२–२००७) याने याउलट शृंगाराची रिक्तता चित्रित केली. ल’ आव्हेन्तूरा (१९६०, म. शी. ‘साहस’) या चित्रपटात हरवलेल्या स्त्रीचा शोध घेणारा तिचा प्रियकर व तिची मैत्रीण परस्परांत गुंततात व तो शोधच विसरतात. आधुनिक माणसाची कामभावना रुग्ण झाली आहे, अशी आंतोन्योनीची भूमिका होती. ल’ एक्लिस्से (१९६२, म. शी. ‘ग्रहण’) या चित्रपटाच्या अखेरीस प्रेमिकांनी ठरविलेल्या ठिकाणी दोघेही येत नाहीत, कॅमेरा मात्र रिकामे रस्ते, पाण्याचे पिंप व रस्त्यावरचा दिवा न्याहाळत राहतो. संस्कृत साहित्यशास्त्रातील विप्रलंभ शृंगारात विरह असला, तरी ओढ जिवंत असते. आंतोन्योनीच्या चित्रपटांत विरह आहे, पण ओढच आटलेली आहे.

शृंगाराची सामाजिक बाजू विनोदी चित्रपटांनी पुढे आणली. प्येत्रो जेर्मी (१९१४–७४) याच्या दिव्होर्त्स्यो आल्ल’ इतालियाना (१९६१, म. शी. ‘इटालियन पद्धतीचा घटस्फोट’) या चित्रपटातील सिसिलियन उमराव पत्नीचा व्यभिचार घडवून आणून तिचा खून करण्याचा बेत आखतो, कारण तत्कालीन कायद्यात घटस्फोट नव्हता, पण घराण्याच्या अब्रूसाठी केलेल्या खुनाला सौम्य शिक्षा होती. इटलीत घटस्फोटाचा कायदा १९७० मध्ये संमत झाला आणि अब्रूच्या नावाखालील ही सवलत १९८१ मध्ये रद्द झाली. व्हीत्तोर्यो दे सीका (१९०१–७४) याच्या येरी, ओज्जी, दोमानी (१९६३, म. शी. ‘काल, आज आणि उद्या’) या चित्रपटात सोफिया लोरेन हिचे वस्त्रे उतरविण्याचे नृत्य तिला आपला नवस आठवताच अर्ध्यावर थांबते. वासना व श्रद्धा यांचा हा समेट इटालियन लोकजीवनाच्या जवळचा आहे.

स्वातंत्र्य आणि बाजारपेठ : १९६२ च्या कायद्याने अभ्यवेक्षणाची पुनर्रचना झाली व १९६८ नंतर बंधने आणखी सैल झाली. प्येर पाओलो पाझोलीनी (१९२२–७५) याने डेकामेरॉन (१९७१), कँटरबरी टेल्स (१९७२) व अरेबियन नाइट्स (१९७४) या अभिजात कथासंग्रहांवर तीन चित्रपट काढले. त्यांतील दातपडके, हसरे, अकृत्रिम चेहरे व संकोचरहित देह यांतून भांडवलशाहीपूर्व लोकजीवनातील निरागस शृंगार त्याला पुन्हा उभा करावयाचा होता. प्रत्यक्षात या यशामागोमाग मध्ययुगीन वेशातील हलक्या कामुक चित्रपटांची लाटच आली. जून १९७५ मध्ये लिहिलेल्या निवेदनात पाझोलीनीने स्वतःच्या या चित्रत्रयीचा त्याग जाहीर केला. उपभोगवादी सत्तेने खोट्या सहिष्णुतेच्या रूपाने लैंगिक मुक्तीच गिळंकृत केली आहे व निरागस देह ही आता वस्तू झाली आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याचा अखेरचा चित्रपट सालो (१९७५) याच विचाराचे भयावह रूप आहे. साद याच्या ग्रंथावर आधारलेली ही कथा फॅसिस्टांच्या अखेरच्या राजवटीत घडते. तिच्या शेवटी सत्ताधीश आळीपाळीने खिडकीत बसून दुर्बिणीतून बंदिवानांचा छळ पाहतात. प्रेक्षकालाही त्याच दुर्बिणीतून पाहावे लागते. हा चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, २ नोव्हेंबर १९७५ रोजी, पाझोलीनीचा खून झाला.

बेर्नार्दो बेर्तोलुच्ची (१९४१–२०१८) याच्या उल्तिमो तांगो आ पारीजी (१९७२, म. शी. ‘पॅरिसमधील अखेरचा टँगो’) या चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९७६ मध्ये दिला व दिग्दर्शकाचा मताधिकार पाच वर्षांसाठी काढून घेतला, १९८७ मध्ये चित्रपटावरील बंदी उठली. दीर्घकाळ हे प्रकरण केवळ कलास्वातंत्र्याच्या लढ्याचे उदाहरण म्हणून सांगितले गेले. परंतु त्यातील बलात्काराच्या प्रसंगातील एक अपमानास्पद तपशील एकोणीस वर्षांच्या मारिया श्नायडर हिला आधी सांगितलेला नव्हता. त्या प्रसंगी आपली मानहानी झाली व आपले अश्रू खरे होते, असे तिने २००७ मध्ये सांगितले. दिग्दर्शकानेही २०१३ मध्ये याची कबुली दिली. प्रसंग पटकथेत होता, हे खरे. तथापि अभिनेत्रीकडून अभिनयाऐवजी प्रत्यक्ष अपमानाची प्रतिक्रिया मिळवणे हे कलामूल्याच्या नावाने समर्थनीय ठरत नाही. न्यायालयाने प्रेक्षकाच्या नीतीची काळजी वाहिली, समीक्षकांनी दिग्दर्शकाच्या स्वातंत्र्याची. अभिनेत्रीचा विचार दोघांनीही केला नाही. शृंगारिक कलाकृतीचे मूल्यमापन करताना ती निर्माण करण्याची रीतही विचारात घेतली पाहिजे, हे या प्रकरणाने शिकविले.

लिलियाना काव्हानी (१९३३– ) हिच्या इल पोर्त्येरे दी नोत्ते (१९७४, म. शी. ‘रात्रीचा द्वारपाल’) या चित्रपटात छळछावणीतील अधिकारी व त्याची पूर्वीची बंदिवान यांचे विकृत आकर्षण आहे. स्मृतीतून न सुटणाऱ्या सत्तासंबंधाचा हा वेध धाडसी असला, तरी त्याच्या अनुकरणाने नाझी गणवेश व वासना यांचे मिश्रण विकणारे अनेक चित्रपट निघाले. तिंतो ब्रास (१९३३– ) याचे चित्रपट हळूहळू दर्शनसुखापुरतेच उरले. १९७६ च्या संविधान न्यायालयाच्या निर्णयाने स्थानिक खासगी दूरचित्रवाणीस वाट मोकळी झाली व कामुक प्रतिमा घरोघरी पोहोचल्या. फेल्लीनीचा काझानोव्हा (१९७६) या बदलाचे अचूक रूपक ठरतो: प्रख्यात प्रणयवीराची कामक्रीडा येथे यांत्रिक कवायत होते आणि अखेरीस तो एका यांत्रिक बाहुलीबरोबर गोठलेल्या व्हेनिसमध्ये नृत्य करतो. याउलट एत्तोरे स्कोला (१९३१–२०१६) याच्या ऊना जोर्नाता पार्तिकोलारे (१९७७, म. शी. ‘एक विशेष दिवस’) या चित्रपटात मे १९३८ मधील हिटलरच्या रोमभेटीच्या दिवशी सहा मुलांची थकलेली आई व समलिंगी असल्याने नोकरी गमावलेला निवेदक काही तास एकमेकांच्या सहवासात घालवतात. बाहेर रेडिओवर संचलनाचा गजर चालू असताना त्यांच्यात घडणारी जवळीक म्हणजे भोग नव्हे. दोन उपेक्षितांनी एकमेकांना माणूस म्हणून पाहणे होय. नग्नतेचा जवळजवळ आधार न घेता शृंगार किती उत्कट होऊ शकतो, याचा हा आदर्श आहे.

मूल्यमापन : एप्रिल २०२१ मध्ये चित्रपटांवर बंदी घालण्याचा किंवा काटछाटीची सक्ती करण्याचा शासनाचा अधिकार इटलीत संपुष्टात आला, आता केवळ वयोगटानुसार वर्गीकरण होते. परंतु आवरणाची प्रवृत्ती सरली, असे मात्र म्हणता येणार नाही. जानेवारी २०१६ मध्ये इराणच्या राष्ट्राध्यक्षांच्या भेटीच्या वेळी रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयातील नग्न शिल्पांभोवती पांढरी खोकी उभारण्यात आली व त्यावर देशात टीकेचे काहूर उठले. दान्येले दा व्होल्तेर्राच्या वस्त्रांची परंपरा साडेचार शतकांनंतरही खंडित झाली नव्हती. दुसरीकडे बाजारपेठेने प्रतिमांचा एवढा पूर आणला आहे, की उघडेपणातील बंडखोरी संपुष्टात आली आहे. म्हणूनच किती दाखविले, या निकषावर या परंपरेतील कलाकृतींचे मोल ठरत नाही. पाहणाऱ्याला स्वतःच्या पाहण्याचे भान आणून देणाऱ्या कृतीच टिकून राहिल्या, हे तिशनच्या व्हीनसपासून पाझोलीनीच्या दुर्बिणीपर्यंत दिसून येते. त्यांच्या जोडीला आर्तेमीझ्याच्या सुझानाने परतवणारे हात उगारून जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर मात्र इटालियन शृंगारकलेला अद्याप पूर्णपणे देता आलेले नाही.